अणू गोठतात म्हणून सुपरकंडक्टर होतो? अजिबात नाही!

सुपरकंडक्टर म्हणजे ज्यात विजेला अजिबात रोध होत नाही असा पदार्थ. त्यावरच्या कितीतरी व्हिडिओंत हे वाक्य येतंच, "तापमान खूप उतरवलं की अणूंची थरथर थांबते, मग इलेक्ट्रॉनना अडवायला कोणी उरत नाही, म्हणून रोध शून्य." ऐकायला पटतं, कारण शाळेत आपण रोध म्हणजे इलेक्ट्रॉनची टक्कर असंच शिकलोय. पण तसं असतं तर चांदी, तांबं आणि सोनं पहिल्या नंबरात यायला हवे होते ना? हे तीन विजेचे सगळ्यात चांगले वाहक, आणि तिघंही सुपरकंडक्टर होत नाहीत. उलट शिसं, जे वाहक म्हणून सुमारच, ते ७.२ केल्विनला, म्हणजे उणे २६६ अंश सेल्सिअसच्या आसपास, आरामात होतं.

थंड केल्यावर रोध कमी होतो हे खरंय, पण साध्या धातूत तो एका पातळीला येऊन अडकतो, कारण भेसळ आणि स्फटिकातले दोष थंडीने जात नाहीत. नेदरलँड्समधल्या लायडनला कामर्लिंग ऑनेस या भौतिकशास्त्रज्ञाला आधी हेच दिसलं, म्हणून त्याने पारा घेतला, तो ऊर्ध्वपातनाने खूप शुद्ध करता येतो. १९११ मध्ये ४.२ केल्विनजवळ त्या पाऱ्याचा रोध हळूहळू न उतरता धाडकन कोसळला, मोजताच येईना. आणि गंमत म्हणजे पुढे भेसळीचा पारा वापरला तरी तेच झालं!

मग होतं काय? मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की ज्या थरथरीमुळे रोध येतो तीच इथे कामाला येते. इलेक्ट्रॉन ऋण, धातूतले आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटून गेलेले अणू, धन. इलेक्ट्रॉन जाताना आजूबाजूचे आयन त्याच्याकडे किंचित ओढले जातात, पण ते हजारो पट जड, त्यामुळे सुस्त, ते जवळ येईपर्यंत इलेक्ट्रॉन लांब निघून गेलेला असतो आणि मागे थोडा वेळ धनभाराचा दाट पट्टा राहतो. त्या पट्ट्याकडे दुसरा इलेक्ट्रॉन ओढला जातो. म्हणजे एकमेकांना ढकलणारे दोन इलेक्ट्रॉन, मध्ये आयन घालून, थोडे का होईना बांधले गेले. ही कूपर जोडी. यात आयनांचा हात आहे याचा पुरावा १९५० मध्येच मिळाला होता, पाऱ्याचा जड समस्थानिक, म्हणजे पाराच पण जास्त वजनाच्या अणूंचा, घेतला की सुपरकंडक्टर होण्याचं तापमान खाली सरकतं. आणि तांब्या-चांदीत हीच इलेक्ट्रॉन-आयन ओढ कमकुवत, म्हणून रोधही कमी आणि जोड्याही जमत नाहीत.

पण नुसती जोडी जमून भागत नाही, इथेच बरेच लेख थांबतात. अॅल्युमिनियममध्ये एका जोडीची लांबी मायक्रोमीटरच्याही वर जाते, तेवढ्या जागेत इतर लाखो जोड्या एकमेकींत घुसलेल्या असतात. त्यामुळे त्या सुट्या राहूच शकत नाहीत, सगळ्यांची मिळून एकच क्वांटम तरंगासारखी अवस्था बनते, जिला सगळीकडे जुळलेली एक कला, म्हणजे फेज (तरंग चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते), असते. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी १९५७ मध्ये हे गणितात बसवलं, १९७२ चं नोबेल त्याचंच.

आता सुपरकंडक्टर तारेची रिंग करा. रिंगला एक चक्कर मारून आल्यावर फेज स्वतःशी जुळायलाच हवी, म्हणजे तिचे फेरे पूर्णांकातच, ३ किंवा ४, साडेतीन नाही. करंट किती ते या फेऱ्यांवर ठरतं. कमरेच्या पट्ट्याला पीळ देऊन बक्कल लावलं की पीळ काढायला बक्कल उघडावंच लागतं, तसंच हे. एखाद्या भेसळीच्या अणूने एका जोडीला धक्का दिला तर काहीच होत नाही, कारण करंट कमी व्हायचा तर रिंगच्या पूर्ण जाडीत कुठेतरी सुपरकंडक्टिव्हिटी क्षणभर मोडावी लागेल, आणि तेवढी ऊर्जा त्या थंडीत आणणार कोण? इथे सुंभ जळल्याशिवाय पीळ जात नाही! म्हणूनच एमआरआयच्या चुंबकात एकदा सोडलेला करंट पॉवर सप्लाय काढल्यावरही वर्षानुवर्षं फिरत राहतो.

सुंभ जळतोही बरं का. तापमान, करंट किंवा चुंबकीय क्षेत्र, यातलं काहीही मर्यादेबाहेर गेलं की खेळ खलास. त्यामुळे "क्वांटम एनर्जी"ची लॉकेटं विकणाऱ्यांनी सुपरकंडक्टरचं नाव घेऊच नये. हाईपमध्ये शास्त्रज्ञही मागे नाहीत म्हणा, जुलै २०२३ मध्ये कोरियाच्या एलके-९९ नावाच्या पदार्थाने घरच्या तापमानाला सुपरकंडक्टर मिळाला म्हणून जग नाचवलं, अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याचा व्हिडिओ फिरला, शेवटी त्याच्या रोधात दिसलेली अचानक घसरण कॉपर सल्फाइडच्या भेसळीची निघाली.

वरचं सगळं पारा, शिसं, नायोबियमसारख्यांना लागू. १९८६-८७ मध्ये सापडलेले कॉपर ऑक्साइडवाले सुपरकंडक्टर, त्यातला एक तर ९३ केल्विनला चालतो, म्हणजे हेलियमऐवजी ७७ केल्विनचं द्रव नायट्रोजन पुरतं, तिथेही इलेक्ट्रॉन जोडीनेच फिरतात हे मोजून झालंय. पण त्यांना बांधतं कोण, यावर मात्र अजून भांडणं चालूच आहेत.