साठ मिलिग्रॅमची गोळी आणि हजार मिलिग्रॅमचा हिशोब

गरोदरपणात बाईच्या शरीराला एकूण सुमारे १,००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं ३०० मिलिग्रॅमच्या आसपास बाळ आणि वार (गर्भाशयात बाळाला पोसणारा भाग) घेतात, ४५० ते ५०० मिलिग्रॅम आईच्या वाढलेल्या तांबड्या पेशींत जातं, उरलेलं रोजच्या झिजेत. पहिले काही महिने ही मागणी जाणवत नाही, पाळी थांबल्यामुळे उलट थोडी बचतच होते. पाचव्या महिन्यानंतर मात्र दिवसाला ५ ते ६ मिलिग्रॅम लोह रक्तात पोचावं लागतं. धान्य आणि कडधान्यांवर भागणाऱ्या जेवणात रोज १० ते १५ मिलिग्रॅम लोह असलं, तरी आतडं त्यातलं जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम उचलतं. गरोदरपणात शोषण वाढतं, पण तेवढ्यानं मेळ बसत नाही. मग तूट साठ्यातून भरावी लागते. चांगल्या पोसलेल्या बाईकडे ३०० ते ५०० मिलिग्रॅम लोह शिलकीत असतं. जिला किशोरवयातच दिवस गेले, किंवा जिचं आधीचं मूल अजून अंगावर पितंय, तिच्याकडे ही शिलक बहुधा नसतेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातल्या दर १०० गरोदर स्त्रियांपैकी सुमारे ३७ जणींना रक्तक्षय होता. दक्षिण आशियात आणि पश्चिम आफ्रिकेत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं. हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तात ११ ग्रॅमच्या खाली आलं की गरोदर स्त्रीला रक्तक्षय आहे असं धरतात. मधल्या तिमाहीत ही रेघ १०.५ वर येते, कारण तेव्हा रक्तातला पातळ भाग पेशींपेक्षा वेगानं वाढतो. ७ च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. तिथं गोळ्या देऊन वाट पाहत बसू नये, रुग्णालयातच पाठवावं.

हा आकडा मिळतो बोटाच्या एका थेंबातून, आणि तिथंच पुष्कळ चुका होतात. हात गार असेल तर रक्त नीट येत नाही. मग तपासणारी व्यक्ती बोट पिळते, रक्तात ऊतींतलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटाच खाली जातो. म्हणून आधी हात चोळून गरम करावा. मधल्या किंवा अनामिकेच्या पेराला बाजूनं टोचावं, स्पिरिट पूर्ण वाळू द्यावं, पहिला थेंब पुसून टाकावा आणि पुढचा आपसूक मोठा होऊ द्यावा. यंत्राच्या पट्टीत हवेचा बुडबुडा राहिला तर ती पट्टी फेकून नवी घ्यावी. जुन्या साहली पद्धतीत, म्हणजे आम्लात मिसळलेल्या रक्ताचा रंग नमुन्याशी जुळवून हिमोग्लोबिन मोजताना, आम्लात रक्त घातल्यावर १० मिनिटं थांबावं लागतं. रांग मोठी म्हणून दोन-तीन मिनिटांतच रंग जुळवला, तर आकडा कमी दिसतो. पापणी उलटून फिकेपणा पाहणं ही नुसती चाळणी आहे, सौम्य रक्तक्षय तिच्यातून हमखास निसटतो.

आता गोळी. प्रतिबंधासाठी रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड अशी शिफारस आहे. रक्तक्षय सिद्ध झाला की १२० मिलिग्रॅम. इथं मोजायचं ते शुद्ध लोह, गोळीतल्या लोहाच्या क्षाराचं पूर्ण वजन नव्हे. फेरस सल्फेटच्या ३०० मिलिग्रॅमच्या गोळीत ते ६० मिलिग्रॅम असतं, तर फेरस फ्युमरेटच्या १८० मिलिग्रॅममध्येच तेवढं मिळतं. पाकिटावरचा मोठा आकडा पाहून निम्माच डोस दिला जातो, तो या गोंधळामुळे.

गोळी पोटात गेली म्हणजे लोह रक्तात पोचलं असं नाही. चहा-कॉफीमुळे शोषण बरंच घटतं, म्हणून गोळी आणि चहा यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवावं. कॅल्शियमच्या गोळ्याही बहुतेकींना दिल्या जातात. त्या आणि लोहाच्या गोळ्या एकाच मुठीत गिळू नयेत, एक सकाळी घेतली तर दुसरी रात्री. आंबट फळासोबत शोषण सुधारतं. रिकाम्या पोटी ते सर्वात चांगलं होतं खरं, पण मळमळीमुळे बाई गोळ्याच सोडणार असेल, तर जेवल्यावर घेतलेली गोळी कितीतरी बरी. शौचाला काळं होणार, हे आधीच सांगावं. न सांगितल्यामुळे घाबरून बंद केलेल्या गोळ्या फार असतात. गोळ्यांनी बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल, या भीतीलाही शांतपणे उत्तर द्यावं लागतं. आणि डबी लहान मुलांच्या हाताला लागता कामा नये. मूठभर गोळ्या मुलाचा जीव घेऊ शकतात.

गोळ्या नियमित घेतल्या तर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमनं वाढायला हवं. वाढलं नाही, तर डोस वाढवण्याआधी गळती शोधावी. अंकुशकृमीचं उदाहरण घेऊ. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा हा किडा आतड्याच्या अस्तराला तोंडानं घट्ट धरून राहतो. त्याची मोठी जात दिवसाला सुमारे ०.२ मिलिलिटर रक्त घालवते. असे ५० किडे असले तर रोज १० मिलिलिटर, म्हणजे ९ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या बाईचं तीनेक मिलिग्रॅम लोह. काही आतड्यात परत शोषलं जातं, तरी गोळीनं कमावलेलं बरंचसं इथं वाहून जातं. जिथं कृमींचा प्रादुर्भाव जास्त आहे तिथं पहिली तिमाही उलटल्यावर अल्बेंडाझोल या जंतनाशकाचा ४०० मिलिग्रॅमचा एक डोस देतात. उघड्यावर शौच आणि अनवाणी चालणं चालूच राहिलं, तर कृमी पुन्हा होतात.

हिवतापात तांबड्या पेशी फुटतात आणि परजीवी वारेत दडून बसतात, त्यामुळे बोटाच्या थेंबात ते दिसतीलच असं नाही. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर नुसत्या लोहानं रक्त वाढत नाही. प्राणिजन्य अन्न फारसं मिळत नसेल तर बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते. गोळ्या सोसत नसतील, किंवा दिवस भरत आले असतील, तर शिरेतून लोह द्यावं. ते मात्र पहिल्या तिमाहीत देत नाहीत, आणि ॲलर्जी झाल्यास उपचार करता येतील अशाच ठिकाणी देतात.

बाळंतपणात ५०० मिलिलिटर रक्त गेलं तरी निरोगी बाई बहुधा ते सोसते. हिमोग्लोबिन ६ ग्रॅमवर आलेल्या बाईच्या हृदयाला तेवढंच रक्त जाणं झेपत नाही, आणि जिथून रक्तपेढी तीन-चार तासांवर आहे तिथं उशीर जीवघेणा ठरतो. म्हणून प्रसूती कुठं करायची, गाडी कोणती आणि रक्त कोण देणार, हे आठव्या महिन्यातच ठरलेलं असावं. बाळ जन्मल्यावर नाळ लगेच न कापता १ ते ३ मिनिटं थांबलं, तर वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पहिल्या महिन्यांसाठी त्याच्या लोहाचा साठा वाढतो. आईच्या गोळ्या त्यानंतरही निदान तीन महिने चालू ठेवायच्या असतात. प्रत्यक्षात बहुतेकींच्या त्या घरी परतल्याच दिवशी थांबतात, म्हणून रुग्णालयातून निघतानाच ९० गोळ्या मोजून हातात द्याव्यात.