मानवी शक्तीवरील प्रवासाचा ऊर्जाखर्च

इंजिन, मोटर किंवा जनावर यांची मदत न घेता, केवळ स्नायूंच्या बळावर ठरावीक अंतर कापताना माणसाच्या शरीराला लागणारी ऊर्जा. चालणे, धावणे, सायकल, पोहणे, वल्हवणे अशा निरनिराळ्या प्रकारांची तुलना करायची तर ती अंतरामागे करावी लागते. व्यायामाच्या तक्त्यांत ‘तासाला इतक्या कॅलरी’ असे आकडे असतात. वजन उतरवायचे असेल तर ते कामाचे आहेत, पण प्रवासाच्या हिशेबात ते दिशाभूल करतात, कारण त्याच तासात सायकलवाला चालणाऱ्याच्या तिप्पट लांब गेलेला असतो. प्रयोगशाळेत तोंडावर मुखवटा बसवून श्वासातून किती ऑक्सिजन वापरला गेला ते मोजतात. एका लिटर ऑक्सिजनमागे सुमारे 5 किलोकॅलरी खर्च झाल्या असे धरले जाते. त्यातला जेमतेम पाव हिस्सा स्नायू प्रत्यक्ष कामात उतरवतात, बाकीची उष्णता होते. पुढचे ढोबळ आकडे 60 किलो वजनाच्या निरोगी प्रौढाचे आहेत.

सपाट रस्त्यावर ताशी 5 किलोमीटर वेगाने चालताना किलोमीटरमागे 40 ते 45 किलोकॅलरी लागतात. चालणारे शरीर उलट्या लंबकासारखे असते: टेकलेल्या पायावरून धड वर चढते, मग पुढे झुकत खाली येते, आणि खाली येतानाची ऊर्जा पुढच्या पावलाला उपयोगी पडते. ही देवाणघेवाण ताशी 4.5 ते 5 किलोमीटरच्या आसपास सर्वांत चांगली जुळते. त्याहून रेंगाळत चालले तरी खर्च वाढतो आणि घाईने चालले तरी वाढतो. कुणी न सांगता माणसे याच वेगाने चालतात. ताशी 7 किलोमीटरच्या पुढे चालणे इतके महाग पडते की पाय आपोआप धावू लागतात.

धावण्याचा हिशेब वेगळा आहे. त्यात लंबक मोडतो आणि टाचेमागची जाड कंडरा स्प्रिंगसारखी ताणून सुटू लागते. इटालियन शरीरशास्त्रज्ञ रोडॉल्फो मार्गारिया आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये दाखवून दिले की धावण्याचा किलोमीटरमागचा खर्च वेगावर फारसा अवलंबून नसतो. ताशी 8 ने धावा की 12 ने, किलोमीटरमागे साधारण 60 किलोकॅलरी जातातच. वेगाने धावणारा फक्त लवकर दमतो.

सायकलीने हे गणितच बदलले. ताशी 15 किलोमीटरला तिचा खर्च किलोमीटरमागे 15 किलोकॅलरींच्या आसपास, म्हणजे चालण्याच्या सुमारे तिसरा हिस्सा. ऑक्सफर्डचे अभियंते एस. एस. विल्सन यांनी 1973 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये तो पाचवा हिस्सा मांडला होता, आणि प्राणी व यंत्रे यांच्या यादीत सायकलवरचा माणूस सर्वांत काटकसरी ठरवला होता. आकड्यांतला फरक वेग, टायर आणि बसण्याची ढब यांमुळे पडतो. कारण मात्र साधे आहे: सायकलवर शरीराचे वजन खोगीर पेलते, दर पावलाला ते उचलावे लागत नाही. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 8,000 किलोकॅलरी असतात. तेवढ्या ऊर्जेत सायकलस्वार 500 किलोमीटरच्या वर जाईल.

ही काटकसर कमी वेगाची आणि चांगल्या रस्त्याची आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे लागणारी शक्ती घनाच्या पटीत वाढते. ताशी 30 च्या पुढे बहुतेक जोर हवा बाजूला सारण्यातच जातो. म्हणून आडवे रेलून चालवायच्या सायकली वेगवान ठरतात. 1933 मध्ये फ्रान्सिस फोर याने अशा सायकलवर एका तासात 45 किलोमीटरचा टप्पा ओलांडला आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा सायकली स्पर्धांतून बाद केल्या. हा निर्णय सायकलीच्या विकासाला मारक ठरला, असेच म्हणावे लागते. बंद कवचाच्या अशाच सायकलवर टॉड रायकर्टने 2016 मध्ये अमेरिकेतील नेवाडात ताशी 144.17 किलोमीटर वेग गाठला.

चढावर चाकाचा फायदा विरघळतो, कारण उंची गाठण्याची किंमत कोणत्याही साधनाने टळत नाही. 100 वॅट शक्ती लावणारा माणूस सपाटीवर ताशी 20-22 किलोमीटर जातो. घाटातल्या 6 टक्के चढावर तीच शक्ती त्याला ताशी 8 पर्यंतच नेते, आणि सायकलीचे वजनही तोच वर चढवत असतो. पायथ्याच्या आतकरवाडीहून सिंहगडाची सुमारे 600 मीटर उंची पायी चढताना केवळ वर जाण्यासाठी 340 किलोकॅलरींच्या आसपास लागतात, म्हणजे सपाटीवर आठ किलोमीटर चालण्याइतक्या. उतरताना त्या परत मिळत नाहीत. सौम्य उतार चालायला सपाटीपेक्षा स्वस्त पडतो, पण तीव्र उतारावर शरीर आवरून धरण्यातच मांड्या खर्ची पडतात.

पाणी हवेच्या सुमारे 800 पट दाट असल्याने पोहणे सर्वांत महाग आहे: त्याच अंतराला धावण्याच्या चौपट. होडी बरीच स्वस्त, तीही सावकाश वल्हवली तर. हवेत उडणे शक्य आहे, पण निष्णात सायकलपटूलाच. 12 जून 1979 रोजी ब्रायन अॅलनने पेडलवर चालणाऱ्या ‘गॉसमर अल्बट्रॉस’ या विमानाने इंग्लिश खाडी 2 तास 49 मिनिटांत ओलांडली. अशाच ‘डीडॅलस’ विमानाने 1988 मध्ये ग्रीसच्या क्रीट ते सँतोरिनी या बेटांमधले सुमारे 115 किलोमीटर अंतर चार तासांच्या आत कापले.

माणसाने माणसाला ओढायचे असेल तेव्हा या आकड्यांचे वजन कळते. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने हातरिक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. डांबरी सपाटीवर चाकावरचे ओझे हलके लागते, पण तांबड्या मातीच्या चढावर गाडी आणि प्रवासी यांचे सगळे वजन ओढणाऱ्याच्या पायांना उचलावे लागते. म्हणून मागून ढकलायला आणखी माणसे लागत. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरोधात ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला.