नाताळचा कार्प (चेकिया)

चेकियात २४ डिसेंबरच्या संध्याकाळी घरोघरी खाल्ला जाणारा गोड्या पाण्यातील मासा व त्याच्याशी निगडित रीतिरिवाज. चेक भाषेत या माशाला ‘कापर’ आणि त्या दिवसाला ‘श्तेद्री देन’, म्हणजे उदार दिवस, असे म्हणतात. चेक नाताळाचा गाभा २५ तारखेला नसून या आदल्या संध्याकाळी असतो; भेटवस्तूही तेव्हाच उघडल्या जातात आणि त्या सांताक्लॉज नव्हे, तर ‘येझीशेक’ म्हणजे बाळयेशू आणून ठेवतो, असे मुलांना सांगितले जाते. कार्प हा रोहू, कटला व मृगळ यांच्याच कुळातील मासा असून महाराष्ट्रातील मत्स्यशेतकरी ज्याला ‘सायप्रिनस’ म्हणतात तोच हा.

समुद्रकिनारा नसलेल्या या देशात सणाचे मुख्य पक्वान्न मासा असावे, याचे मूळ दोन गोष्टींत आहे. एक, कॅथलिक उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य असे, पण मासा चालत असे. आणि नाताळची पूर्वसंध्या हा उपासाचा दिवस होता. दुसरी आणि अधिक निर्णायक गोष्ट म्हणजे तळी. चेकियाच्या पश्चिमेकडील बोहेमिया या प्रांतात मासे पाळण्यासाठी तळी बांधण्याची परंपरा मध्ययुगापासूनची आहे. चौदाव्या शतकात सम्राट चौथा चार्ल्स याने तिला उत्तेजन दिले, तर सोळाव्या शतकात दक्षिण बोहेमियातील रोझम्बेर्क घराण्याने तिला उद्योगाचे रूप दिले. त्रेबोन गावाच्या परिसरातील सपाट, दलदलीची आणि शेतीला फारशी न मानवणारी जमीन या कामी उपयोगी पडली. या घराण्याच्या सेवेतील तळी बांधणारा श्तेपानेक नेतोलित्स्की याने १५०६ ते १५२० या काळात सुमारे ४८ किलोमीटर लांबीचा ‘झ्लाता स्तोका’ म्हणजे सोनेरी पाट खोदवला. लुझनित्से नदीचे पाणी या पाटाने एकामागून एक तळ्यांना पुरवले जाते, आणि तो आजही वाहता आहे. पुढे रोझम्बेर्कांचा कारभारी याकुब क्रचीन याने त्याच नदीवर रोझम्बेर्क हे देशातील सर्वांत मोठे तळे बांधले (१५८४–१५९०). सुमारे ४९० हेक्टर पसरलेल्या या तळ्याचा मातीचा बांध २ किलोमीटरहून अधिक लांब आहे. क्रचीनचे सैतानाशी साटेलोटे होते, अशा दंतकथा त्या भागात सांगतात. बांधावर राबलेल्या वेठबिगारांच्या आठवणी त्यांत मिसळल्या असाव्यात. २००२ च्या महापुरात या तळ्याने प्रचंड पाणी अडवून धरले, तेव्हा चारशे वर्षांपूर्वीच्या बांधकामाचा कस नव्याने लागला. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) अनेक तळी ओस पडली आणि नंतरच्या काळात बरीचशी बुजवून शेतीखाली आणली गेली. त्रेबोनची मात्र टिकली. ‘त्रेबोनचा कार्प’ या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे.

कार्प विक्रीयोग्य होण्यास तीन ते चार उन्हाळे लागतात. शरद ऋतूत तळे कित्येक दिवस हळूहळू रिकामे केले जाते, म्हणजे सगळे मासे बांधाजवळच्या सर्वांत खोल भागात गोळा होतात. उजाडण्याच्या सुमारास कमरेपर्यंत रबरी पोशाख घातलेले कोळी थंड चिखलपाण्यात उतरून लांब जाळे ओढू लागतात, आणि वर्तुळ लहान होत गेले की पाणी अक्षरशः उकळत असल्यासारखे दिसते. या मासेमारीला ‘वीलोव’ म्हणतात. मोठ्या तळ्यांच्या वीलोवला बांधावर जत्रेसारखी गर्दी लोटते. पकडलेले मासे लगेच बाजारात जात नाहीत. ‘साद्की’ नावाच्या लहान हौदांत, स्वच्छ वाहत्या पाण्यात त्यांना काही आठवडे ठेवतात, कारण त्याशिवाय मांसाला येणारा चिखलाचा वास जात नाही. कार्पला नाके मुरडणाऱ्यांची तक्रार बहुधा या वासाची किंवा काट्यांची असते.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शहरांच्या चौकांत पाण्याने भरलेल्या मोठ्या टाक्या मांडल्या जातात. गिऱ्हाईक बोट दाखवते, विक्रेता हातजाळीने मासा उचलून तराजूवर टाकतो आणि विचारतो: मारून देऊ की जिवंत नेणार? जिवंत नेलेला मासा सणापर्यंत घरच्या न्हाणीच्या टबात ठेवण्याची पद्धत विसाव्या शतकात शहरी सदनिकांमध्ये पसरली. त्या दिवसांत घरच्यांच्या आंघोळीचे हाल होत, मुले माशाला नाव ठेवीत, आणि मग त्याला मारायला कोणी तयार होत नसे. असे मासे नदीत सोडण्याची दयाळू रीतही रूढ झाली, पण तळ्यात वाढलेला, टबात दमलेला मासा हिवाळ्याच्या वाहत्या पाण्यात सहसा तगत नाही, म्हणून प्राणिमित्र संघटनाच तिला विरोध करतात. आता बहुतेक लोक टाकीपाशीच मासा मारून, साफ करून घेतात.

पाककृतीबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. पाठीच्या काट्यासकट आडवे काप करून, पीठ, अंडे व पावाचा चुरा लावून तळलेला कार्प आणि सोबत अंडी, लोणच्यातील काकडी व मेयोनेज घातलेले बटाट्याचे सॅलड, हे ताट आज ‘अनादि’ मानले जाते. प्रत्यक्षात ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर हळूहळू रुळलेले आहे. त्याआधी प्रतिष्ठेचा होता तो ‘काळा कार्प’: सुकवलेले आलुबुखार, अक्रोड, बिअर आणि मसाले यांच्या दाट, आंबटगोड रश्शात शिजवलेला. मासा परवडत नसलेल्या खेड्यांतील घरांत मुख्य मान ‘कूबा’चा असे. जव आणि सुकवलेल्या अळंब्या यांच्या या भाजलेल्या पदार्थात लसणीबरोबर मरवा पडतो, तोच मरवा जो मराठी घरात गजऱ्यात माळतात. माशाचे डोके व गाभोळी वाया जात नाही. त्यांचे सूप करून तळलेल्या पावाच्या तुकड्यांसह जेवणाच्या आरंभी वाढतात.

दिवसभर उपाशी राहणाऱ्याला संध्याकाळी सोन्याचे डुक्कर दिसते, असे सांगून मुलांना जेवणापर्यंत थोपवून धरतात. ताटाखाली कार्पचे खवले ठेवतात आणि जेवणानंतर प्रत्येक जण एक खवला पैशाच्या पाकिटात घालून वर्षभर जपतो. त्यामुळे पैसा टिकतो, अशी समजूत आहे. सगळ्यांचे जेवण होईपर्यंत कोणी पानावरून उठायचे नाही, हाही कडक दंडक आहे. ‘लिसेत्स’ नावाच्या जवळजवळ खवलेरहित वाणापेक्षा ‘शुपिनाच’ हा भरपूर खवल्यांचा वाण घेतला, तर साफ करण्याचे काम वाढते, पण पाकिटांची सोय होते.