टेकडीवर कॉलरा कमी का होता?

१८४८-४९ ची कॉलऱ्याची साथ ओसरल्यावर लंडनच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातले विल्यम फार नावाचे अधिकारी आकडे घेऊन बसले आणि त्यांना दृष्ट लागावी इतका नेटका हिशेब सापडला. थेम्सच्या पातळीपासून २० फुटांच्या आतल्या वस्तीत दर १०,००० माणसांमागे १०२ मृत्यू. २० ते ४० फुटांवर ६५, ४० ते ६० वर ३४. घर जितकं उंचावर, तितका कॉलरा कमी. रोग घाणेरड्या हवेतून पसरतो अशी तेव्हाची समजूत. नदीकाठची हवा कुबट. सगळं कसं जुळत होतं.

आणि हा कावळा बसायला नि फांदी तुटायला असला योगायोगही नव्हता. सहसंबंध अस्सल होता (त्याला गणिती माप इंग्रज शास्त्रज्ञ गॉल्टन यांनी १८८८ मध्ये दिलं, पण गोष्ट तीच). फक्त कारण उंचीत नव्हतं. सखल भागातले पुष्कळ लोक सांडपाणी मिसळलेलं थेम्सचं पाणी पीत होते. उंची आणि पाणी हातात हात घालून आलेले, त्यामुळे नुसत्या तक्त्यावरून त्यांची फारकत होत नव्हती.

ती केली जॉन स्नो या डॉक्टरांनी, १८५४ च्या साथीत. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीत, शेजारच्या घरांत होते. हवा तीच, उंची तीच. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी उचलायची जागा नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या घाणीपलीकडे नेली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल मात्र बॅटरसीलाच उपसत होती. मृतांचे पत्ते फार यांच्याच कार्यालयातून मिळाले. स्नो दारोदार फिरले. पाणीपट्टी घरमालक भरायचा, त्यामुळे अनेक भाडेकरूंना आपलं पाणी कुणाचं हेच ठाऊक नसे. मग स्नो बाटलीत थोडं पाणी घेत आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकत. बॅटरसीच्या पाण्यात भरतीचं मीठ, ते दाट पांढरं व्हायचं. लॅम्बेथचं जेमतेम धुरकट. त्याच साथीत सोहो भागातल्या मृत्यूंचा स्नो यांनी केलेला नकाशा आणि तिथल्या दूषित पाण्याच्या पंपाचा काढून टाकलेला दांडा जगप्रसिद्ध आहेत. मला ही बाटली जास्त मोलाची वाटते.

पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे साउथवर्कच्या गिऱ्हाइकांत ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या ३७.

फार यांना तरी ते पुरतं पटलं नाही. १८६६ मध्ये पूर्व लंडनात साथ भडकली, तेव्हा मात्र त्यांनी स्वतःच तिथल्या पाणी कंपनीकडे बोट दाखवलं. स्नो तोवर राहिले नव्हते. १८५८ मध्येच वारले.