"स्पेशल मुलाला साध्या शाळेत घ्यायची सक्ती नाही" हे खरंय का?

हे वाक्य ॲडमिशनच्या सीझनला दरवर्षी ऐकू येतं आणि बरेच पालक ते ऐकून गप्प घरी परततात. पण कायदा तसं म्हणतच नाही हो. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातच १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची आणि साध्या शाळेत सामावून घेण्याची गोष्ट होती, भाषा जरा गुळमुळीत होती एवढंच. मग २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, त्याच्या कलम १६ मध्ये सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असं स्पष्ट आहे, म्हणजे मान्यताप्राप्त प्रायव्हेट शाळासुद्धा आल्या. कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर ६ ते १८ वयात जवळची शाळा की स्पेशल स्कूल, ही निवड मुलाची, हेडमास्तरांची नाही!

हा गैरसमज पसरायला २०१२ ची आरटीई (मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्काचा कायदा) दुरुस्तीही कारण असावी असं मला वाटतं. त्यात तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरी शिकायचा ऑप्शन दिलाय, पण तो ऑप्शन घ्यायचा की नाही ते मुलाच्या बाजूने ठरतं, शाळेने "घरीच शिकवा" म्हणायला नाही.