इझुशी: दाइम्योची बदली आणि पाच बशा सोबा

जपानच्या ह्योगो प्रांतात, ताजिमाच्या डोंगरांमध्ये इझुशी हे जुनं किल्ल्याचं गाव आहे. 2005 पासून ते तोयोओका शहरात मोडतं. इथं जेवायला बसलं की एकेकापुढे पाच छोट्या पांढऱ्या बशा येतात. प्रत्येकीत दोन-तीन घास सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. सोबत कांद्याची पात, वासाबी, किसलेला कंद आणि कच्चं अंडं. हा पदार्थ मुळात इथला नाही, आणि मला त्याची खरी गोडी त्यातच वाटते.

यामाना घराण्याचा डोंगरमाथ्यावरचा किल्ला 1580 मध्ये सेनानी तोयोतोमी हिदेयोशीच्या फौजेने घेतला. पुढे 1604 मध्ये कोइदे घराण्याने त्याच डोंगराच्या पायथ्याशी नवा किल्ला बांधला आणि समोर आखीव रस्त्यांचं गाव वसवलं. त्या काळी शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी शासक, दाइम्योंच्या, म्हणजे सरदारांच्या, जहागिरीच बदलत असे. 1706 मध्ये अशीच अदलाबदल झाली. इझुशीचे तेव्हाचे दाइम्यो मात्सुदाइरा शिनानो प्रांतातल्या उएदाला गेले आणि उएदाचे सेन्गोकु मासाआकिरा इझुशीला आले. शिनानो हा थंड, डोंगराळ मुलूख. भात जिथं नीट पिकत नाही, तिथं कुट्टू थोड्या दिवसांत हाती येतो, म्हणून तिथली माणसं सोबा करण्यात तरबेज. सेन्गोकुंनी येताना आपले सोबा करणारे कारागीर बरोबर आणले, असं इझुशीत सांगतात. बदली झालेला माणूस आपल्या गावची चव सामानाबरोबर नेतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

बशा मात्र इथल्याच मातीतल्या. गावाजवळ पांढरा दगड सापडतो आणि त्याची शुभ्र चिनी माती होते. एदो काळाच्या (1603–1868, शोगुनांच्या राजवटीच्या) अखेरीस फिरत्या गाड्यांवर लहान बशांतून सोबा विकला जाई, त्यातून ही रीत आली. इझुशीच्या पांढऱ्या बशांत वाढण्याची आजची पद्धत तर 1955 च्या सुमाराची.

सेन्गोकु घराण्याचं पुढे काही बरं झालं नाही. वारस लहान होता, कारभाऱ्यांत भाऊबंदकी पेटली. 1835 मध्ये शोगुनच्या दरबाराने निकाल दिला. मुख्य कारभाऱ्याला मृत्युदंड झाला आणि 58,000 कोकुंची जहागीर 30,000 वर आली. (एक कोकु म्हणजे साधारण एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ.)

1871 मध्ये जहागिरीच संपल्या. त्याच वर्षी किल्ल्याच्या दाराशी ‘शिन्कोरो’ हा नगाऱ्याचा बुरूज उभा राहिला. सामुराईंनी किल्ल्यावर हजर होण्याची सकाळची वेळ नगाऱ्याने कळवायची. 1876 च्या आगीत बहुतेक गाव जळालं, पण घरं पुन्हा जुन्याच गल्ल्यांच्या रेषेवर बांधली गेली. आज दिसणारी लाकडी घरं बहुतांशी त्यानंतरची आहेत. बुरूज मात्र वाचला. 1881 मध्ये त्यावर घड्याळ बसवलं गेलं. सोबाच्या दुकानांतून बाहेर पडलेली माणसं आज त्याच्याखाली थांबून वेळ बघतात.