पाचट पेटवायचं की कुजवायचं : बेळगाव सीमाभागातल्या जमिनीची पार्श्वभूमी

ऊस तोडल्यावर रानात उरणारी वाळकी पानं म्हणजे पाचट. ते पेटवायचं की कुजवायचं, हा वाद समजायला आधी जमीन पाहावी लागते. निपाणी-चिकोडीकडची काळी रानं ऊस येण्याआधी तंबाखू आणि शाळूची (रब्बी ज्वारीची) होती. शाळूचा कडबा गोठ्यात जाई आणि शेण होऊन परत रानात येई. तंबाखू पान घेऊन जाई, पालाश (पोटॅश) भरपूर ओढी आणि मागे धसकटं ठेवी. 1981 चं तंबाखूच्या दरासाठीचं आंदोलन सगळ्यांना आठवतं. त्या पिकानं जमिनीतून काय नेलं, हा विषय तेव्हा कुणाच्या भाषणात नव्हता.

घटप्रभेवरचा धुपदाळचा बंधारा 1890 च्या दशकातला, हिडकलचं धरण 1970 च्या दशकातलं. वेदगंगा-दूधगंगेवर उपशाच्या मोटारी बसल्या आणि ऊस पसरत गेला. लागण, तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारा खोडवा, जमलं तर त्यापुढचा निडवा, अशी तीन-चार वर्षं एकच पीक रानात राहू लागलं. शाळू, हरभरा मागे पडले, जनावरंही कमी झाली.

खरा वाद पाचटाचा. हेक्टरी साधारण 8 ते 10 टन पाचट निघतं आणि त्यात नत्र (नायट्रोजन) जेमतेम अर्धा टक्का. पेटवलं की सेंद्रिय कर्ब आणि जवळपास सगळं नत्र धुरात जातं. पालाश बराचसा राखेत उरतो, त्यामुळे ‘राखेनं खोडवा जोमात येतो’ ही समजूत अगदीच बिनबुडाची नाही. ऊसतोडीची टोळी रान सोडून गेली की बुडखे छाटायचे, बगला (सरीच्या कडा) फोडायच्या, खत द्यायचं, पाणी सोडायचं. पाचट या प्रत्येक कामात आडवं येतं. काडी लावली की संध्याकाळपर्यंत रान मोकळं. हे न पाहता शेतकऱ्याला आळशी ठरवणारी व्याख्यानं पुष्कळ झाली.

शिवाय सुरुवातीला अनेकांनी पाचट ठेवलं आणि खोडवा पिवळा पडलेला पाहिला. पाचटात कर्ब फार, नत्र कमी. कुजवणारे जिवाणू आपली गरज जमिनीतल्या नत्रातून भागवतात. म्हणून टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणूखत टाकण्याची शिफारस आहे. शिफारशीतला ‘पाचट जाळू नका’ एवढाच भाग गावोगाव पोचला, युरियाचा वाटेत गळला. पाचट सरीआड सरी दाबून मोकळ्या सरीतून पाणी देण्याची पद्धत पुढे रुळली, आणि तीच इथल्या रानांना मानवते.

अथणी-रायबागच्या कृष्णाकाठच्या क्षारपड (क्षार साचलेल्या) रानांना मात्र नुसत्या पाचटानं भागत नाही, तिथे आधी चर काढून पाण्याचा निचरा करावा लागतो. दरम्यान, खरिपात सोयाबीन वाढलं. त्याचा पाला पिकता पिकता रानातच गळतो, पण मळणीचं भुसकट बांधावर पेटतं.

आता ऊस तोडायला हार्वेस्टर आलाय. तो पाचटाचे तुकडे करून जागेवरच टाकतो, म्हणून काडी लावण्याचं एक कारण कमी झालं. पण ओलं काळं रान त्याच्या वजनानं दबतं, आणि एरवी टोळीकडून वैरणीला मिळणारे वाढेही (उसाचे हिरवे शेंडे) त्या तुकड्यांतच जातात.